शेवटचा रकाना

गुरुवार, ३ जानेवारी २००८, भोर

अब्बांना टायरवाल्यांकडून दरवर्षी एक डायरी भेट येते. कापूरहोळच्या त्यांच्या पंक्चरच्या दुकानात ती मार्चपर्यंत ग्रीसनं काळी होते. यंदा दोन आल्या म्हणून एक मला मिळाली. पानापानावर खाली टायरचं चित्र आहे. चालेल.

लिहायला सुरुवात आजच करण्याचं कारण म्हणजे आज मला पहिलं खरं काम मिळालं. ऑफिसात लागून तीन महिने झाले, पण आतापर्यंत मी नुसतं मराठी टायपिंग करत होते. आमचं ऑफिस म्हणजे कापड दुकानाच्या वरची एक खोली आणि तीन माणसं. आनंदराव सर पुण्यात दहा वर्षं कॉम्प्युटरची नोकरी करून गावी परतले आणि त्यांनी हे सुरू केलं. आसिफ नसरापूरहून रोज एसटीनं येतो, प्रोग्रॅम तो लिहितो. आणि मी, अम्रीन मणियार, बी.एस्सी.

काम असं. शिक्षकांचं एक मंडळ दरवर्षी चौथीच्या मुलांची सराव शिष्यवृत्ती परीक्षा घेतं. भोर, वेल्हे आणि शेजारच्या गावांतली मिळून चार हजारांवर मुलं. निकाल आजवर कागदावर छापून शाळाशाळांत जायचा. डोंगरातल्या वाड्यांना आठ-आठ दिवसांनी कळायचं. यंदा पहिल्यांदाच तो वेबसाइटवर लागणार आहे, रविवारी सत्तावीस तारखेला सकाळी अकराला. अकराला सगळे एकदम तुटून पडणार. तेव्हा वेबसाइट टिकेल का, हे आधी तपासायचं. ते माझ्याकडे.

मी हो म्हटलं. कसं तपासतात ते विचारायचं राहिलं.

शनिवार, ५ जानेवारी

कसं तपासतात ते कळलं. खोटी गर्दी करायची. एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे, ते एकाच वेळी पाचशे माणसं असल्याचं सोंग करतं. प्रत्येक जण एक नंबर टाकतो, निकाल मागतो, आणि किती वेळ लागला ते सॉफ्टवेअर टिपून ठेवतं. शेवटी एक तक्ता येतो: सरासरी वेळ, कमीत कमी, जास्तीत जास्त, आणि सगळ्यात शेवटचा रकाना, प्रमाण विचलन.

मी भोरचे दहा नंबर घेऊन तेच फिरवून फिरवून पाचशेदा टाकले. सरासरी ८०० मिलिसेकंद, म्हणजे एक सेकंदसुद्धा नाही. विचलन ३००. मंडळाशी केलेल्या करारात ‘सरासरी तीन सेकंदांच्या आत’ असं लिहिलंय. सरांनी भजी मागवली.

शेवटच्या रकान्याचं काय करायचं, असं मी विचारलं. सर म्हणाले, ते राहू दे.

मला जरा लाज वाटली. दुसऱ्या वर्षाला प्रमाण विचलनावर चौदा मार्कांचा प्रश्न आला होता आणि मला चौदापैकी चौदा मिळाले होते. सूत्र मी आत्ता या टायरच्या चित्राशेजारी न अडखळता लिहू शकते. प्रत्येक आकड्यातून सरासरी वजा करा, वर्ग करा, बेरीज करा, भागा, वर्गमूळ काढा. पण ते सगळं करून हाती जे येतं ते काय सांगतं, हे कुणी विचारलं असतं तर शून्य मिळाला असता.

सोमवार, ७ जानेवारी

आज मंडळाकडून सगळ्या मुलांची यादी आली. त्यातले कुठलेही पाचशे नंबर सॉफ्टवेअरला उचलायला लावले. वेल्ह्याचे नंबर व्ही या अक्षरानं सुरू होतात, बाकीचे नुसते आकडे.

सरासरी २८००. जास्तीत जास्त २३०००. विचलन ६०००.

सर म्हणाले, तीनच्या आत आहे, झालं. तेवीस सेकंदांचं काय, असं मी विचारलं तर म्हणाले, एखादा अडकतोच, पाचशेत एक म्हणजे काही नाही. मला अहवाल लिहायला बसवलं. माझ्याच नावानं सही करायला लावली, म्हणजे उद्या काही झालं तर मीच. हुशार आहेत.

एक गोष्ट मात्र कळत नाही. २८०० अधिक-उणे ६००० असं म्हणायचं असेल तर २८०० मधून ६००० गेले की खाली उणे ३२०० येतात. म्हणजे काही मुलांना निकाल मागायच्या सव्वातीन सेकंद आधीच मिळतो की काय? आसिफला हे सांगितलं तर तो इतका हसला की चहा सांडला. मग खूप वेळ पुसत बसला. माझं टेबल तर कोरडंच होतं.

बुधवार, ९ जानेवारी

अहवाल गेला. मंडळाची मंजुरीही आली.

वेल्ह्याहून कुंडलिक यांचा फोन होता. ते तिथं कॉम्प्युटरचा क्लास चालवतात. त्यांच्याकडे एकच कॉम्प्युटर इंटरनेटला जोडलेला आहे, तोही फोनच्या लाइनवर. निकालाच्या दिवशी सगळे तिथंच येणार. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. बारा वाजता भारनियमनात लाइट जाते, म्हणजे हाती एकच तास. आणि त्यांची लाइन अशी आहे की पान पंधरा-वीस सेकंदांत आलं नाही तर ती तुटते आणि पुन्हा पहिल्यापासून जोडावी लागते. “ताई, पान पटापट येनार न्हवं? न्हाईतर मंग कागदच बरा हुता म्हनतील लोक,” असं म्हणाले.

मी सांगितलं, सरासरी २.८ सेकंद. ते म्हणाले, मंग लई झालं.

फोन ठेवल्यावर मला बरं वाटायला हवं होतं.

रविवार, १३ जानेवारी

मंगळवारी संक्रांत. अम्मीच्या बांगड्यांच्या दुकानात उभं राहायला जागा नाही, म्हणून मी दिवसभर मदतीला. दुकान म्हणजे स्टँडजवळची टपरीच, पण तिथं पेट्या किती मावतात ते अम्मीलाच ठाऊक.

दुपारी आसिफ आला. रविवारी नसरापूरहून भोरला कशाला, विचारलं तर म्हणाला, काम होतं. बहिणीसाठी बांगड्या हव्या होत्या. अम्मीनं माप विचारलं. तो माझ्या हातांकडे बघत म्हणाला, सव्वादोन. अम्मीनं हिरव्या काचेच्या डझनभर बांधून दिल्या, आणि पैसे परत करत म्हणाली, राहू दे. गिऱ्हाइकाला अम्मी असं कधी करत नाही. नंतर आठवलं, त्याच्या बहिणीला, सानियाला, मी पाहिलंय. चांगले भरलेले हात आहेत तिचे, अडीचशिवाय बसायच्या नाहीत. उद्या सांगायला हवं त्याला, बदलून घे म्हणून. अम्मीला हे बोलले तर ती तोंडाला पदर लावून हसत सुटली. मग त्याच्या घरी कोण कोण असतं, ते विचारत बसली. संक्रांतीला गिऱ्हाईक वाढवायचं असेल.

पण लिहायचं आहे ते वेगळंच.

संध्याकाळी जरा गर्दी कमी झाल्यावर मी पेट्या लावत होते. अम्मीनं दोन पेट्या अगदी वेगळ्या ठेवल्या होत्या, वेल्ह्याच्या बाजाराला न्यायच्या म्हणून. एकीत सगळ्या सव्वादोन, दुसरीत सगळ्या अडीच. मधल्या मापाच्या जवळपास नाहीतच. मी विचारलं, मधल्या का नाहीत? तेव्हा तिनं सांगितलं ती हकिगत मी पूर्वी ऐकली नव्हती.

लग्न होऊन ती नवीन आली होती तेव्हाची गोष्ट. आजीनं तिला पहिल्यांदा एकटीला वेल्ह्याच्या बाजाराला पाठवलं. माल कुठल्या मापाचा घ्यायचा, ते तिचं तिनं ठरवायचं. तिनं हिशेब केला की शाळेतल्या पोरींचे, दुकानदारांच्या घरातल्या बायकांचे हात सव्वादोनचे, आणि भातखाचरात राबणाऱ्या बायकांचे अडीचचे. मग मधलं माप नेलं की सगळ्यांना चालेल. गाठोडंभर मधल्या मापाच्या बांगड्या घेऊन ती गेली.

“मग?”

“मग काय. निम्म्यांच्या हातात चढंनात, चढवाया गेले तर फुटल्या. निम्म्यांच्या हातातून गळून पडल्या. मदल्या मापाचा हात समद्या बाजारात मला येक गावला न्हाई.” ती पेटीचं झाकण लावत होती. “भोरात चालतं. हितं समद्या पोरी मापाच्या जवळजवळ असत्यात, थोडं हिकडं थोडं तिकडं. येक पेटी भरली की भागतं. माप दोन्हीकडं मदलंच निगतं गं. पर त्या मापाजवळ मानसं किती ऱ्हात्यात, ती बघाया लागत्यात.”

मी हातातली पेटी खाली ठेवली. अम्मी सहावीपर्यंत शिकलीय.

सोमवार, १४ जानेवारी

सकाळी सातलाच ऑफिसात आले. तक्ता बघायचा नाही असं ठरवलं होतं. सॉफ्टवेअर प्रत्येकाची वेगळी नोंदही ठेवतं, ती काढली, पाचशेच्या पाचशे ओळी. शेजारच्या दुकानातून आलेख कागद आणला. खाली सेकंद मांडले आणि प्रत्येक माणसाचा एक ठिपका काढत गेले.

त्याआधी एक गणित केलं. सर म्हणाले होते एखादा अडकतो. समजा, पाचशेतला एकच जण तेवीस सेकंद अडकला आणि बाकी सगळे पाऊण-एक सेकंदात सुटले. तर विचलन किती येईल? सूत्रात घालून बघितलं: जेमतेम एक सेकंद. आमचं आलंय सहा. सहा यायला एक माणूस पुरत नाही, पन्नासेक लागतात. हे सात तारखेपासून त्या शेवटच्या रकान्यात लिहिलेलं होतं. मी ते वाचून त्यावर सहीसुद्धा केली होती.

दहा वाजेपर्यंत ठिपके झाले. साडेचारशे ठिपके अर्ध्या आणि दीड सेकंदाच्या मध्ये, एकमेकांवर चढलेले, मुंग्यांच्या वारुळासारखे. आणि पन्नास ठिपके पार तिकडे, अठरा ते तेवीसच्या मध्ये. मधे सगळा कागद कोरा. मी २.८ वर बोट ठेवलं. तिथं कुणीच नव्हतं. ज्या सरासरीच्या जोरावर मी कुंडलिकना धीर दिला, त्या सरासरीवर एकही मूल उभं नव्हतं.

विचलन म्हणजे काय ते मला आज कळलं. ते सरासरीला विचारतं, तुझी माणसं तुझ्याजवळ राहतात की लांब? पाच तारखेला भोरच्या दहा नंबरांना ते ३०० होतं, म्हणजे सगळी अंगणात. आता ६०००.

मग त्या पन्नास ओळींचे नंबर बघितले.

सगळ्यांच्या पुढे व्ही.

मंगळवार, १५ जानेवारी. संक्रांत

काल आसिफला कागद दाखवला तेव्हा सर पुण्याला गेले होते. त्याला वाईट वाटेल म्हणून मी आधी इकडचं तिकडचं खूप बोलले. त्याचे कान लाल झाले. उठून खाली गेला, आणि मला वाटलं, गेला आता नसरापूरला.

पंधरा मिनिटांनी दोन चहा घेऊन वर आला. “मीच केलंय हे. तुम्ही कुणाचं नाव घेऊ नका, मीच सरांना सांगतो,” म्हणाला. मी त्याला अरे-तुरे करते तरी तो मला अजून तुम्हीच म्हणतो.

झालं होतं असं. वेल्ह्याची केंद्रं डिसेंबरात मागाहून आली. नंबरात अक्षर असल्यामुळे ते आधीच्या आकड्यांच्या रकान्यात बसेनात. आसिफनं घाईत त्यांच्यासाठी वेगळा रकाना केला, पण त्याला सूची जोडायची राहिली. पुस्तकाच्या मागे सूची असली की शब्द कुठल्या पानावर ते लगेच सापडतं, नसली तर पुस्तक पहिल्यापासून वाचत जावं लागतं. वेल्ह्याचं एक मूल निकाल मागे तेव्हा मशीन बिचारं सगळ्या मुलांचं सगळ्या विषयांचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचत बसे. एकटं मूल असेल तर चालून जातं. गर्दी झाली की पन्नास जण पन्नास वेळा तेच पुस्तक वाचायला लावतात.

सूची जोडायला त्याला दहा मिनिटं लागली.

आज सर तिळगूळ घेऊन आले तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. मी कागद पुढे ठेवला. सरांनी मधल्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवलं. मग त्यांनी विचारलं, विचलन सहा आलं तर अडकलेले पन्नास, हे कसं काढलंस? मी सांगितलं. पुन्हा सांग म्हणाले. पुन्हा सांगितलं. मग ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

अडचण अशी आहे की मंजुरीनंतर वेबसाइटला हात लावायचा तर मंडळाला कळवायचं असं करारात आहे. आसिफनं जोडलेली सूची सध्या आमच्याकडच्या नकलेवर आहे, खऱ्या वेबसाइटवर नाही. आणि मंडळाचे प्रमुख सावळाराम गुरुजी मुळातच कॉम्प्युटरच्या विरुद्ध. चूक निघाली म्हटलं की ते कागदावर परत जातील, आणि मग पुढच्या वर्षी कुणी आम्हाला दारात उभं करणार नाही.

सर म्हणाले, “गुरुजींकडे तू जायचंस.”

मी घरी येऊन अम्मीला सांगितलं, आमचे सर भित्रे आहेत.

गुरुवार, १७ जानेवारी

सारोळ्याला जाऊन आले. पुलाजवळ उतरून आत चालत. रस्त्यात वाक्यं पाठ करत होते, नमस्कार गुरुजी, एक लहानशी तांत्रिक बाब.

सावळाराम गुरुजींनी अंगणात दोन खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या आणि शेजारी पाटी-पेन्सिल. मी बसायच्या आत चहा आला. ते निवृत्त मुख्याध्यापक, गणिताचे. सत्तरीचे असतील. म्हणाले, “आनंदरावांचा परवाच फोन आला होता. म्हणाले, चूक आमची आहे, पण ती सापडली कशी, ते आमच्या अम्रीनकडूनच ऐका.”

म्हणजे सर आधीच सगळं बोलले होते. मग मला दोन तास एसटीनं कशाला पाठवलं, कुणास ठाऊक.

पाठ केलेली वाक्यं उपयोगी पडली नाहीत. मी पाटीवर दोन वारुळं काढली आणि मधली कोरी जागा दाखवली. बांगड्यांची गोष्टही सांगितली, सांगायची नव्हती पण निघाली तोंडातून. गुरुजींनी एकदाच विचारलं, हा आकडा तुमच्या अहवालात होता का? मी म्हटलं, होता. शेवटच्या रकान्यात होता. आम्ही वाचला नाही.

त्यांनी पाटी जवळ ओढली. मला वाटलं, आता कागदावर जाऊ म्हणतील.

“मी तीस वर्षं शाळेचा सरासरी निकाल दर्शनी फळ्यावर लिहीत आलो,” ते म्हणाले. “चांगला आला की पेढे वाटायचो. त्या सरासरीपासून लांब कोण राहिलं, ते बघायला हवं होतं. बघितलं नाही.”

मग त्यांनी पाटी पुसली नाही, तशीच भिंतीला टेकवून ठेवली. करारातलं ते सरासरीचं वाक्य खोडून त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘प्रत्येक मुलाचा निकाल तीन सेकंदांच्या आत’. आणि एक अट घातली. निकालाच्या दिवशी मी भोरला बसायचं नाही, वेल्ह्याला बसायचं.

येताना पुलावरून नीरेचं पाणी बघत उगाच थांबले. एक एसटी चुकली. काही वाटलं नाही.

शनिवार, १९ जानेवारी

खऱ्या वेबसाइटवर सूची जोडली. पुन्हा चाचणी, या वेळी मुद्दाम निम्मे नंबर वेल्ह्याचे घेतले. सरासरी ८५०. विचलन ३१०. जास्तीत जास्त २१००.

आता ८५० मधून ३१० वजा केले तरी कुणाला निकाल आधी मिळत नाही. आसिफला हे सांगितल्यावर तो पुन्हा हसला, चहा लांब ठेवून.

तरी मी ठिपके काढले. एकच वारूळ. सरांनी तो कागद मागून घेतला आणि भिंतीवर चिकटवला, त्यांच्या पुण्याच्या कंपनीच्या प्रशस्तिपत्रकाच्या जागी. त्याला फ्रेम होती, ती काढून ठेवली. भिंतीचा रंग वाया गेला.

गुरुवार, २४ जानेवारी

सर चार दिवस प्रत्येक फोन माझ्याकडे देताहेत. शाळांचे, मंडळाचे, सर्व्हरवाल्यांचेसुद्धा. काल तर माझ्या खुर्चीची चाकं खराब आहेत म्हणून मला त्यांच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः स्टुलावर. कामाचा कंटाळा आलाय त्यांना, दुसरं काही नाही.

आसिफच्या टेबलाच्या खणात पंच शोधत होते तर त्या हिरव्या बांगड्या तशाच, अम्मीनं बांधलेल्या कागदात. विसरला द्यायला. मी आठवण केली, आणि मापही चुकलंय म्हणून सांगितलं. तो म्हणाला, माप बरोबर आहे. वाद घातला नाही. बहिणीचं माप भावांना कधी कळत नाही.

शनिवार, २६ जानेवारी

झेंडावंदनाला सगळ्या शाळांत सांगितलं की निकाल उद्या अकराला. कुंडलिकचा फोन, हितं आत्ताच चौकशीला यायला लागलेत.

ठिपके खोट्या माणसांचे होते. उद्या खरी येणार.

रविवार, २७ जानेवारी

सकाळच्या पहिल्या एसटीनं निघाले. कापूरहोळला अब्बा गाडीत चढले, धुतलेला सदरा घालून. दुकान बंद केलं होतं. वेल्ह्याला थोडं काम आहे, म्हणाले. काय काम ते शेवटपर्यंत कळलं नाही. दिवसभर कुंडलिकच्या क्लाससमोरच्या पारावर बसून होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, आत बसलीय ती माझी मुलगी.

क्लास म्हणजे किराणा दुकानाच्या मागची खोली. साडेदहालाच अंगण भरलं होतं. शिक्षक याद्या घेऊन आले होते, पोरं बापांच्या खांद्यावर. मी कॉम्प्युटरपुढे, शेजारी कुंडलिक वही घेऊन, मार्क लिहून द्यायला. अकराला दोन मिनिटं असतानाच मी पहिला नंबर टाकून ठेवला, तोही चुकीचा.

अकराला दुसऱ्यांदा टाकला. व्ही, शून्य, चार, एक. पान आलं.

फोनची लाइन धरून तीन सेकंदसुद्धा नाही. पुढचा. आलं. पुढचा. आलं. दहाव्या मुलाला मी श्वास घेतला. एकेका शाळेची यादी पाच-सात मिनिटांत हातावेगळी व्हायला लागली. भोरहून सरांचा फोन आला, तिकडे एका वेळी साडेतीनशे जण आहेत आणि सगळं वाऱ्यासारखं चाललंय. मागे आसिफ काहीतरी ओरडत होता, ते ऐकू आलं नाही, पण आनंदाचं होतं. साडेअकरापर्यंत शिक्षकांच्या याद्या संपल्या आणि एकटेदुकटे आलेले उरले.

त्यात एक बाई होत्या, फुलाबाई. तोरण्याच्या मागच्या वाडीतून पहाटे निघून पायी आल्या होत्या. बरोबर मुलगी, शेफाली, चौथीतली. हॉलतिकीट पदराच्या गाठीत बांधलेलं. गाठ सोडायला वेळ लागला, नंबर टाकायला लागला नाही. तीनशेपैकी दोनशे चाळीस. वेल्हे तालुक्यात तिसरी.

मी मोठ्यानं वाचलं. अंगणातले लोक आत डोकावले. फुलाबाई मात्र हलल्या नाहीत.

“इतक्यात कसा लागंल?” त्या म्हणाल्या. “नीट बगा की. पोरीनं वरीसभर अब्यास केलाया.”

मी पुन्हा टाकला. पुन्हा तेच, पुन्हा तितक्याच लवकर. त्यांच्या चेहऱ्यावरचा संशय वाढलाच. तीन आठवडे मी ज्या वेगासाठी धडपडले त्याच्यावर या बाईचा विश्वास बसत नव्हता. तिसऱ्यांदा मी नंबर टाकून, पान आलेलं असताना, हातानं पडदा झाकून गप्प बसले. दहा आकडे मनात मोजले. मग हात काढला.

तेव्हा फुलाबाई खाली बसल्या आणि रडायला लागल्या. कुंडलिकनी पेढ्याचा पुडा फोडला.

शेफाली नव्हती रडत. ती माझ्या कोपराला चिकटून उभी होती. हळूच तिनं डावा हात उघडला. तळहातावर निळ्या पेनानं, इंग्रजी आकड्यांत, सहा नंबर लिहिलेले. वाडीतल्या बाकीच्या मुलींचे, त्यांनीच लिहून दिलेले, ज्यांच्या घरचं कुणी येऊ शकलं नव्हतं. मी वाचून टाकायला लागले तर म्हणाली, “म्या दाबू?”

बाराला वीस मिनिटं होती. मागे कुणी उरलं नव्हतं. मी खुर्चीवरून उठले आणि तिला बसवलं.

तिनं कीबोर्ड पहिल्यांदाच बघितला होता. व्ही कुठं आहे ते मी दाखवलं नाही, तिनंच शोधायचं ठरवलं होतं. एक बोट वर धरून ती ओळीओळीनं जात होती. निकाल दोन सेकंदांत येत होता आणि व्ही सापडायला पाऊण मिनिट लागत होतं. दर वेळी पुन्हा नव्यानं. घाई कुणालाच नव्हती. पाचवा नंबर घामानं पुसला होता, तीन की आठ कळेना. आम्ही तीन टाकून बघितला तर दुसऱ्याच गावचा कुणी गेनू निघाला, पास झालेला. ती खुदकन हसली. आठ टाकला तर तिची मैत्रीण. सहावा नंबर झाला आणि चार मिनिटांनी लाइट गेली.

सगळ्यांचे मार्क तिनं कुंडलिकच्या पेनानं उजव्या तळहातावर लिहून घेतले होते, डावखुरी असल्यामुळे नीट, ओळीत. कागद देऊ का, विचारलं तर नको म्हणाली. पेढाही तोंडात घालून घेतला. पाणी प्यायलाही ओंजळ करेना, मग मी तांब्यानं वरून तोंडात ओतलं. घरला जाऊस्तवर हात धुनार न्हाई, म्हणाली.

परतताना त्यांना वाडीच्या बाजूला जाणारी जीप मिळाली, तिच्यापर्यंत मी सोडायला गेले. पायरी उंच होती, पण तिनं दांडा धरला नाही. दोन्ही मुठी छातीशी घट्ट धरून उभी राहिली, आणि फुलाबाईंनी तिला कमरेला धरून अलगद वर ठेवलं.